शेवटच्या प्रकरणाची चोरी

पनवेलच्या डॉक्टरांनी माझ्या डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली, पेनाच्या टोकाने डाव्या बाजूचा एक काळपट पट्टा दाखवला आणि म्हणाले, "क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा." मग आमचे चेहरे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. "कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत रक्त साचलंय. एकदम नाही, गेले दीड-दोन महिने थोडं थोडं. ते मेंदूला दाबतंय. पण काढता येईल."

माझी मुलगी माधवी शेजारच्या खुर्चीत रडायला लागली. ते सुटकेचं रडणं होतं, कारण तिला याहून वाईट काही ऐकायची भीती होती. मी मात्र डॉक्टरांना म्हणालो, "माझ्या डोक्याचं राहू द्या हो. माझ्या घरी चोरी झालीय आणि चोर मी स्वतः पकडलाय. तेवढं पोलिसांना कळवायची व्यवस्था करा."

हे वाक्य मला आठवत नाही, माधवीने नंतर सांगितलं. तीस वर्षं मी कर्जतच्या एका शाळेत इतिहास शिकवला. आधी पुरावा, मग गोष्ट, हे मुलांच्या डोक्यात बसवता बसवता घसा कोरडा केला. म्हणून या लेखातही जे मला आठवतं ते आणि जे मला सांगितलं गेलं ते वेगळं ठेवायचा प्रयत्न करतो. सगळीकडे जमेलच असं नाही.

मी रहस्यकथा लिहितो. एकतीस कादंबऱ्या छापून आल्या, दिवाळी अंकांतल्या कथा वेगळ्या. माझी एक जुनी खोड आहे. मी शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी लिहितो, पाकिटात घालतो आणि घरात कुठेतरी दडवून ठेवतो. मगच पहिल्या प्रकरणाला हात लावतो. खुनी कोण हे पुस्तक पुरं होईपर्यंत कोणालाही कळता कामा नये, हा हट्ट. माझी बायको मंगला ते पाकीट शोधायची. तांदळाच्या पिंपात, देवघराच्या फळीमागे, कुठेही. सापडलं की जेवायला वाढताना पुस्तकातल्या खुन्याचं नाव घेऊन गंभीर चेहऱ्याने विचारायची, "वकिलाच्या मेहुण्याला अजून आमटी देऊ का?" आणि मी कपाळाला हात लावायचो. मंगला जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात शोधणारं कोणी नाही, तरी मी दडवतोच.

पुस्तकाची बाकीची पानं जायची सुलभाकडे. सुलभा जवळच्या पोशीर गावची, लग्न होऊन तिथेच नांदणारी, वय पंचेचाळीसच्या आसपास. कर्जतला तिचं टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन. माझं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही, म्हणून अठरा वर्षं माझं सगळं लिखाण तिनेच टाइप केलं. आसपासच्या तीन शाळांच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही तिच्याकडेच टाइप व्हायच्या. तिची स्वतःची पुतणी त्यातल्या एका शाळेत शिकत होती, तरी एवढ्या वर्षांत एक प्रश्न कधी बाहेर गेला नाही. दुकान चालायचं ते या विश्वासावर. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तिचं नाव मीच सुचवलं होतं.

आता आजाराकडे येतो. जानेवारीच्या शेवटी मी नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहिलं आणि पाकीट दडवलं. फेब्रुवारीत सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागलं. उजव्या पायातली चप्पल चालताना निसटायची. मी चपलेला दोष दिला आणि नवी आणली, तीही निसटायला लागली. शब्द आठवेनासे झाले. किल्लीला मी "ते दाराचं" म्हणायचो. बहात्तराव्या वर्षी असं चालायचंच, असं मी माधवीला फोनवर सांगत होतो. ती खालापूरला राहते, तहसील कचेरीत नोकरी करते, रविवारी येऊन जाते. रविवारी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. तिला काय कळणार?

मार्चच्या सुरुवातीला मला शेवटचं प्रकरण हवं होतं आणि ते कुठे ठेवलंय ते आठवेना. दोन दिवस घर उलथंपालथं केलं. त्याच आठवड्यात सुलभाने टाइप करून दिलेली पानं मी वाचली, तर माझे काही परिच्छेद त्यात नव्हते. वाक्यंही बदललेली. मी चमकलो.

मग माझ्या डोक्यात सगळं भराभर जुळत गेलं. ही बाई माझ्या लिखाणात हात घालते. याचा अर्थ हिला पुढचं कथानक माहीत आहे. शेवट वाचल्याशिवाय ते माहीत असणार नाही. म्हणजे पाकीट हिच्याकडे आहे आणि तिने ते दुसऱ्या कुठल्यातरी लेखकाला पोचवलंय. आणि मग मला ती दिसली. माझ्या कपाटासमोर उभी, जांभळी साडी, हातात पिवळं पाकीट, दचकून मागे वळून पाहणारी. कपाटाच्या आरशातला तिचा चेहरासुद्धा दिसला. ही आठवण होती, मनाचा खेळ नव्हे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

यापुढचं लिहिताना हात अडतो आहे.

मी माझ्या कादंबऱ्यांत करतो तेच केलं. एका रविवारी दुपारी कर्जतला लागून असलेल्या दहिवलीच्या माझ्या घरी माणसं जमवली. वाचनालयाचे कार्यवाह, शेजारचे जोशी, आणि ज्या तीन शाळांच्या प्रश्नपत्रिका सुलभा टाइप करायची त्या तिन्ही शाळांचे मुख्याध्यापक. माधवीला मुद्दाम कळवलं नाही. नव्या पुस्तकावर गप्पा मारू, असं सगळ्यांना सांगितलं. सुलभालाही तेच सांगितलं. ती आली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनेच सगळ्यांना चहा केला, कारण माझ्या घरात साखर कुठे असते ते तिला माहीत आहे. चहा झाल्यावर मी तिला मधल्या खुर्चीत बसायला सांगितलं.

एकेक मुद्दा मांडला. बदललेली पानं दाखवली. पाकीट दडवण्याची माझी सवय तिला ठाऊक होती, हे तिच्याच तोंडून वदवून घेतलं. जांभळ्या साडीचं तर असं वर्णन केलं की जोशी पुढे सरकून ऐकायला लागले. मधे मधे शब्द अडले, पण लोकांना वाटलं मी मुद्दाम थांबतोय.

सुलभा काही बोलली नाही. एकदाच तिने हळू आवाजात विचारलं, "सर, तुमचं डोकं दुखतं का हो अजून?"

"विषय बदलू नकोस," मी म्हणालो.

ती उठली, पायात चपला घातल्या आणि निघून गेली. गुन्हेगार गप्प बसला की गुन्हा कबूल झाला, असं मी एकतीस पुस्तकांत लिहिलंय. कार्यवाह म्हणाले, "वा सर, अगदी तुमच्या कादंबरीसारखं." त्यांना तिथेच गप्प करायला हवं होतं. मी खूश झालो.

मार्च म्हणजे वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे दिवस. त्या आठवड्यात तिन्ही शाळांनी आपापले कागद सुलभाकडून परत नेले. कोणी भांडलं नाही, कोणी कारण दिलं नाही. एका शाळेचा तर शिपाई आला आणि "सरांनी मागितलेत" एवढंच म्हणून गठ्ठा घेऊन गेला. हे मला पुढे तीन महिन्यांनी कळलं.

आठवडाभराने सुलभा खालापूरला माधवीच्या घरी गेली. हा भाग माधवीने मला अनेकदा सांगितला आहे, कारण मी तो तिला पुन्हा पुन्हा विचारतो. सुलभाने दारातूनच सांगितलं, "ताई, मला काय काय बोलले ते सोडा. ते मी त्यांच्याशी बघून घेईन. तुमी आधी त्यांना डाक्टरकडं न्या." मग तिने पिशवीतून माझी हस्तलिखितं काढली आणि जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडली.

जानेवारीतलं अक्षर नेहमीचं, उभं, दाटीवाटीचं. फेब्रुवारीच्या मध्यापासून ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. मार्चमधल्या पानांवर तर अक्षरं एकमेकांवर चढलेली. एकच परिच्छेद चार वेळा लिहिलेला. तिसऱ्या प्रकरणात गळा दाबून मारलेला सावकार नवव्या प्रकरणात अंगणात बसून पोहे खात होता.

"हे मी गुपचूप नीट करत होते," सुलभा म्हणाली. "सरांना सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं. आणि जानेवारीत त्यांच्या डोक्याला टेंगूळ आलं व्हतं. पोटमाळ्यावर वाशाला डोकं आपटलं म्हनाले. मीच रसवंतीतनं बर्फ आणून लावला. ते रक्त पातळ व्हायची गोळी पण घेतात ना, ताई?"

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली का नाहीस गं?" माधवीने विचारलं.

"काय बोलू? सरांचं डोकं चालत नाय, असं पाच मानसांत बोलू?"

म्हणजे मी ज्या गप्प बसण्याला कबुली म्हटलं, ते माझी अब्रू राखणं होतं. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

दुसऱ्याच दिवशी माधवी मला जवळजवळ ओढतच खोपोलीला घेऊन गेली. तिथे सीटी स्कॅन झाला. सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच्या मदतीने डोक्याचे आडवे काप काढल्यासारखे फोटो. मोठ्या कड्यातून टेबल आत सरकतं, दुखत काही नाही, पाच मिनिटांत मोकळे. फिल्म बघून तिथल्या डॉक्टरांनी लगेच पनवेलला पाठवलं. पनवेलच्या बाह्यरुग्ण विभागात आमचा नंबर लागेपर्यंत तीन तास गेले. माझ्यासारखी बरीच म्हातारी माणसं होती, प्रत्येकाच्या मांडीवर फायलींनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. मी म्हणे समोरच्या अनोळखी गृहस्थाला पूर्ण वेळ चोरीची हकिगत ऐकवत होतो. ते बिचारे मान डोलावत होते.

डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली. आंबा, खुर्ची, नदी हे तीन शब्द लक्षात ठेवा म्हणाले आणि थोड्या वेळाने विचारले. मी आंबा सांगितला. बाकीचे दोन कोणीतरी काढून नेले, अशी तक्रार केली.

डोक्याला लागलं होतं का, या प्रश्नावर मी ठाम नाही म्हटलं. माधवीने सुलभाचं बोलणं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हेच हवं होतं. साधा मार असतो, माणूस विसरून जातो. या वयात मेंदू थोडा आकसलेला असतो, बारीक शिर ताणून तुटते, त्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी. हळूहळू झिरपत राहतं. अजून आठ-दहा दिवस गेले असते तर बेशुद्धीतच आणलं असतं यांना."

तर मला सुलभाने वाचवलं. ज्या बाईला मी चोर ठरवलं, तिने.

ती गोळी बंद करून पाच दिवस थांबावं लागलं, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्त आवरलं नसतं. ते पाच दिवस मला धुक्यासारखे आठवतात. नर्सवर मी संशय घेतला, माधवीवर घेतला. तिने आणलेली पेज मी ओतून दिली. ती मुकाट्याने फरशी पुसत होती, एवढं मात्र स्पष्ट आठवतं.

ऑपरेशनचं नाव बर होल. कवटीला दोन लहान भोकं पाडायची, साचलेलं रक्त धुऊन काढायचं आणि उरलेलं निघून जायला एक-दोन दिवस नळी ठेवायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूच्या इतर ऑपरेशनांच्या मानाने हे साधं, असं डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला पट्टी आणि खाटेशेजारी लटकलेली पिशवी, तिच्यात काळपट लाल पाणी. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"ते तुम्ही सांगा, मी झोपलो होतो," मी म्हणालो.

"आले मास्तर परत," डॉक्टर हसले.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. चौथ्या दिवशी मी किल्लीला किल्ली म्हणालो. वॉर्डच्या बोळातून चालताना उजव्या पायातली चप्पल जागेवर राहिली. माधवीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मला वाटलं, चला, सुटलो.

पाचव्या दिवशी ती दहिवलीच्या घरून माझी जुनी तपासण्यांची फाइल शोधून घेऊन आली. सोबत पिवळं पाकीट होतं. फाइल काढायला ती पोटमाळ्यावर चढली, तर पितळी भांड्यांच्या खोक्यात, पातेल्याच्या आत ते सापडलं. पोटमाळ्यावर खाली आलेला एक वासा आहे. त्याच्याखाली वाकून मी पाकीट ठेवलं आणि उठताना त्यालाच डोकं हाणून घेतलं, एवढी साधी गोष्ट. पाकिटातली पानं उभ्या, दाट, धडधाकट अक्षरातली होती.

मी पानं उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. जेवणाचं ताट आलं तसं गेलं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते मी कादंबरीत किती वेळा सहज लिहून गेलोय. त्या खाटेवर मला ते खरोखर हवं होतं.

"सुलभा आली होती का गं?" मी संध्याकाळी माधवीला विचारलं.

"नाही बाबा. ऑपरेशन झालं का म्हणून एक फोन केला. मी ये म्हटलं, तर म्हणाली, मी यायची नाय, कळवत जा."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना जांभळ्या साडीबद्दल विचारलं. ते म्हणाले, याला कन्फॅब्युलेशन म्हणतात. म्हणजे आठवण नसलेल्या ठिकाणी मेंदू स्वतःच आठवण तयार करून भरतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच आठवत असतं.

"म्हणजे माझा दोष नाही?" मी विचारलं.

"वैद्यकीयदृष्ट्या नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या दोन शब्दांना मी पुढचे काही आठवडे धरून बसलो. भेटायला येणाऱ्यांना ऐकवत होतो. लोकही म्हणायचे, आजारपणात होतं असं, मनावर घेऊ नका. पण एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. पाकीट कुठे ठेवलं ते रक्त साचल्यामुळे विसरलो, कबूल. जांभळी साडी डोक्याने रचली, कबूल. त्या रविवारी मधल्या खुर्चीत तिला बसवून मी एकेक मुद्दा मांडत होतो तेव्हा मला जी मजा आली, ती मजा मला लख्ख आठवते आणि ती कुठल्याही रक्ताच्या गाठीने दिलेली नव्हती. ती माझी होती. शिवाय संशय घ्यायला घरात येणारे-जाणारे पाचसहा जण होते. कार्यवाहांवर घेतला नाही, जोशींवर घेतला नाही. ज्या एकीवर घेतला तर कोणी मला उलट विचारणार नाही, तिच्यावरच घेतला. आजाराने माझं डोकं बिघडवलं, पण निवड करताना ते पुरेसं शहाणं होतं.

जूनमध्ये गाडी करून पोशीरला गेलो. माधवी बरोबर यायला निघाली होती, तिला घरीच थांबवलं. सुलभाच्या सासूबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. सुलभा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं बोललो. माफी मागतो म्हणालो. जांभळ्या साडीचंही सांगितलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "अठरा वर्षांत मी साडी नेसून कामाला कधी आले, सर? ड्रेस घालते मी. आणि जांभळी साडी माझ्याकडं नाय. कधीच नव्हती. सगळे बसले होते, एकानं तरी इचारायचं की ही साडी कुठं नेसते."

खरं होतं. आणि लाजेची गोष्ट अशी की आजही डोळे मिटले तर मला ती त्याच जांभळ्या साडीत कपाटापुढे दिसते. रक्त गेलं, ते चित्र गेलं नाही. ते खोटं आहे हे मला रोज स्वतःला सांगावं लागतं.

मी म्हणालो, "सगळ्यांना पुन्हा घरी बोलावतो आणि त्यांच्यासमोर तुझी माफी मागतो."

"नको," ती पटकन म्हणाली. "परत सगळ्यांना जमवू नका. मला परत त्या खुर्चीत बसायचं नाय. तुमाला सगळ्यांम्होरं बोलायला आवडतं सर, म्हणून तुमाला तसं सुचतं. एकेकाच्या घरी जा. एकटे जा."

तिने मला ओळखलं होतं, माझ्या अक्षराइतकंच.

मग मी एकेकाकडे गेलो. काठी टेकत, थांबत, दोन आठवडे लागले. कार्यवाह म्हणाले, "अहो, आम्ही ते कधीच मनावर घेतलं नव्हतं." मी म्हणालो, "घेतलं होतं. तुम्ही वा म्हणालात." जोशींनी विषय माझ्या टाक्यांकडे नेला, मी तो परत आणला. पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या तब्येतीची विचारपूस केली आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिका सुलभाकडे पाठवतो म्हणाले. पाठवल्याही.

दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई सरळ होत्या. "सर, आजारी तुम्ही होतात, आम्ही नव्हतो. तिला एका शब्दाने न विचारता आम्ही कागद उचलून आणले. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे?" मी त्यांना म्हणालो, "मी ज्या तोंडाने गेलो त्याच." त्या दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या.

तिसऱ्या शाळेने काम दुसरीकडे दिलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतं, पण समितीत एकदा नाव निघालं की अवघड असतं." मी तीन वेळा जाऊन आलो. ते काम सुलभाला अजून परत मिळालेलं नाही. मी अजून जातो.

ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांना दोन शब्द सांगतो. घरातलं माणूस अचानक संशयी झालं, बोलताना शब्द सापडेनासे झाले, एका पायातली चप्पल निसटायला लागली, तर वय झालं म्हणून सोडू नका. डोक्याला लहानसाही मार लागला होता का ते आठवून बघा आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. त्याला आठवणार नाही. जो माणूस त्याचं रोजचं काम बघतो त्याला विचारा, दूधवाला असो, कामवाली असो, टायपिंगवाली असो. आणि ते माणूस आजारपणात कोणावर आळ घेत असेल तर, कृपा करून, मजेने ऐकत बसू नका.

पनवेलच्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि फरशी पुसणाऱ्या माझ्या लेकीचे आभार मानायला हवेत, ते मानतो. वाचनालयाच्या अंकासाठी लिहिलेला हा लेख सुलभानेच टाइप केला. इथे शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, सुलभाने मोठ्या मनाने मला माफ केलं असं. परवा तिने मला दुकानात बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"हे मी कधी बोलले, सर?"

"बोलली नाहीस," मी म्हणालो. "पण तू परत माझी पानं घेतलीस, आलो की चहा मागवतेस..."

"पानं टाइप करणं माझं काम हाय. चहा मी दुकानात येईल त्याला देते. माफ केलं, असं मी बोलले नाय. बोलेन तेवा लिवा."

मी म्हणालो, काढून टाक. तिने नकारार्थी मान हलवली, खुर्चीवरून उठली आणि मला तिच्या जागी बसवलं. "मी तुमचं परत कायसुद्धा काढणार नाय. तुमीच काढा."

कॉम्प्युटरवरचं मला काही येत नाही. कुठली कळ दाबायची ते तिने बोटाने दाखवलं. एकेक अक्षर मागून पुढे पुसलं जात होतं आणि ती शेजारी उभी राहून बघत होती. वाक्य संपल्यावर तिने मला उठायला सांगितलं, खुर्ची ओढून घेतली आणि बाहेर झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या बाईला आत बोलावलं.